डीप पर्पल, १९९६: ‘पर्पेन्डिक्युलर’मधला मोकळेपणा आला कुठून?

डीप पर्पलचा ‘पर्पेन्डिक्युलर’ फेब्रुवारी १९९६ मध्ये आला. बारा गाणी, तासाभराहून थोडं जास्त संगीत, आणि गिटारवर बँडचा जुना वादक रिची ब्लॅकमोर नाही. दणदणाटासाठी नाव कमावलेल्या या ब्रिटिश बँडने इतक्या निरनिराळ्या वळणांची गाणी एका अल्बममध्ये क्वचितच ठेवली असतील. पन्नाशीला आलेली माणसं निवळली, असं म्हणून हा विषय मिटवता येतो. पण नीट ऐकलं तर खरा बदल वाद्यांच्या जागावाटपात सापडतो, आणि त्याची मुळं पंचवीस वर्षं मागे जातात.

बँडची स्थापना १९६८ ची. सगळ्यांच्या डोक्यात बसलेला संच मात्र १९६९ मध्ये जमला: गायक इयन गिलन, गिटारवर ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, बासवर रॉजर ग्लोव्हर, ड्रम्सवर इयन पेस. लॉर्डने आपला हॅमंड ऑर्गन गिटारसाठी वापरल्या जाणाऱ्या मार्शल अँप्लिफायरमधून वाजवायला सुरुवात केली आणि तो गिटारसारखाच खरखरायला लागला. एकच रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून, गिटार आणि ऑर्गन दोघांनी मिळून वाजवली की आवाजाची भिंत उभी राहते. ‘स्मोक ऑन द वॉटर’ची रिफ तर एकट्या सुरांचीही नाही, षड्ज-मध्यमाच्या अंतरावरच्या जोडसुरांची आहे. त्यामुळे भिंत आणखी जाड होते.

यात अडचण अशी की माणसाचा आवाजही त्याच मधल्या पट्ट्यात राहतो. दोन वाद्यांनी तो पट्टा भरला की गायकापुढे रस्ता एकच: वर जायचं. गिलनच्या किंकाळ्या तिथे कामी आल्या. ‘चाइल्ड इन टाइम’मधले तारसप्तकातले आलाप पंचविशीत शोभले, गाजलेही. पण ज्या आवाजाला रोज रात्री भिंतीवरून उडी मारावी लागते, तो आयुष्यभर तशी मारू शकत नाही.

१९७३ मध्ये गिलन आणि ग्लोव्हर बाहेर पडले, १९७६ मध्ये बँडच मोडला. १९८४ मध्ये १९६९ चाच संच पुन्हा एकत्र आला आणि ‘परफेक्ट स्ट्रेंजर्स’ चांगला चालला. एक फरक मात्र श्रेयनामावलीत दिसत होता. १९७० च्या सुमाराच्या अल्बमांवर गाण्यांचं श्रेय पाचही जणांचं असे. आता बहुतेक गाणी ब्लॅकमोर, गिलन आणि ग्लोव्हर या तिघांच्या नावावर होती. श्रेयावर रॉयल्टी ठरते, आणि रॉयल्टीवर तालमीत कोण किती जीव ओततो हेही बऱ्याच अंशी ठरतं. १९८७ चा ‘द हाउस ऑफ ब्लू लाइट’ त्या मानाने ताणलेला वाटतो. १९८९ मध्ये गिलनला काढलं, १९९० च्या अल्बमसाठी त्याच्या जागी जो लिन टर्नर हा गायक होता. बँडचं पंचविसावं वर्ष जवळ आलं तसं गिलनला परत आणलं गेलं. १९९३ च्या ‘द बॅटल रेजेस ऑन’साठी बरंचसं संगीत तोवर तयार होतं, त्यावर शब्द आणि चाल बसवणं गिलनच्या वाट्याला आलं. दुसऱ्या गायकाच्या पट्टीचा अंदाज धरून बांधलेलं गाणं नंतर गळ्यात बसवताना शब्द तालावर येतात, पण श्वासाच्या जागा चुकतात.

१७ नोव्हेंबर १९९३ ला हेलसिंकीत ब्लॅकमोर शेवटचा वाजवून निघून गेला. जपानचा दौरा पुढच्या महिन्यावर आला होता. तो दौरा गिटारवादक जो सॅट्रियानीने निभावला, पण कायम राहणं त्याला शक्य नव्हतं. १९९४ च्या अखेरीस मेक्सिकोतल्या कार्यक्रमांपासून स्टीव्ह मोर्स आला. मूळचा डिक्सी ड्रेग्ज या बँडचा, मधे कॅन्सस नावाच्या बँडमध्ये, आणि काही काळ चक्क व्यावसायिक वैमानिक.

अल्बम येण्याआधीच आपल्याकडच्या श्रोत्यांनी हा संच प्रत्यक्ष ऐकला होता. ८ एप्रिल १९९५ ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात त्यांचा कार्यक्रम झाला. पुढे ते ध्वनिमुद्रण ‘बॉम्बे कॉलिंग’ नावाने अधिकृतपणे निघालं. तुलनेसाठी हे फार उपयोगाचं आहे, कारण त्यात ‘चाइल्ड इन टाइम’ अजून आहे आणि तेव्हा प्रसिद्ध न झालेलं ‘पर्पेन्डिक्युलर वॉल्ट्झ’ही आहे. जुनी आणि नवी मांडणी एकाच रात्री शेजारी शेजारी ऐकता येते. शिवाय ब्लॅकमोरच्या काळात मंचावर जवळजवळ कधीच न आलेलं ‘व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज’ हे संथ गाणंही तिथे आहे.

‘पर्पेन्डिक्युलर’चं ध्वनिमुद्रण फ्लोरिडात झालं आणि निर्मिती बँडने स्वतः केली. गाण्यांचं श्रेय पुन्हा पाचही जणांकडे गेलं.

आता वादनाकडे. ‘व्हवूम: टेड द मेकॅनिक’ची रिफ पिंच हार्मोनिकवर उभी आहे. पिकने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या पातीने, तार छेडताक्षणी अंगठ्याची कड त्याच तारेला ओझरती लावायची. मूळ स्वर दबतो आणि वरचा उपस्वर शिट्टीसारखा निघतो. अंगठा जरा पुढेमागे झाला की वेगळाच उपस्वर येतो, जास्त वेळ टेकला तर नुसता ठक्क आवाज. उपस्वर मुळात क्षीण असल्याने अँपवर भरपूर गेन (आवाज वाढवण्याचं प्रमाण) हवा, आणि गेन वाढवला की बाकीच्या तारा गुणगुणायला लागतात. त्या तळहाताने दाबून ठेवाव्या लागतात. या कसरतीतून मिळतं काय, तर गिटार गायकाच्या पट्ट्यातून उठून वर जाते. खाली मोकळी जागा राहते, आणि गिलन तिथे जवळजवळ बोलल्यासारखा गातो. जुनी वाटणी इथे सरळ उलटी झाली आहे.

मोर्सचा दुसरा हातखंडा डिलेचा, म्हणजे वाजवलेला सूर क्षणभराने पुन्हा ऐकवण्याचा. मूळ आवाज एका अँपमधून, प्रतिध्वनी दुसऱ्यातून, आणि प्रतिध्वनी किती मिसळायचा ते पायाखालच्या व्हॉल्यूम पेडलवर. दोन्ही एकाच विकृत केलेल्या, म्हणजे मुद्दाम खरखरीत ठेवलेल्या, अँपमधून सोडले तर सूर एकमेकांत कालवले जातात. वेगळे ठेवले की सूर स्वच्छ राहतो आणि मागे हवा तेवढाच विस्तार मिळतो. संथ गाण्यांत एकटी गिटार पोकळी भरू शकली, की ऑर्गनला सतत खर्ज धरून बसावं लागत नाही.

‘समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग’ साडेसात मिनिटांचं आहे आणि या अल्बमचा कणा तेच. विकृती नसलेल्या गिटारवर कॉर्डचे सूर सुटे सुटे येतात, आवाज मधल्या सप्तकात राहतो, आणि चढाव येतो तो सगळ्यांनी मिळून. ‘द एव्हिएटर’ लोकगीताच्या अंगाने, ध्वनिक गिटारवर. ‘अ टच अवे’ त्याहून हळवं. ‘रोझाज कँटिना’ पेस आणि ग्लोव्हरच्या ठेक्यावर चालतं. ज्यांना जुनी जुगलबंदी हवी त्यांच्यासाठी ‘कॅस्केड्स’ आहे, गिटार आणि ऑर्गनच्या वेगवान तानांसह.

लांबी मात्र नडते. बँडच्या जुन्या ‘मशीन हेड’ अल्बममध्ये सात गाणी होती, सदतीस-अडतीस मिनिटांची. एलपीच्या (तबकडीच्या) एका बाजूला वीसेक मिनिटांहून जास्त संगीत भरलं की आवाज पातळ होतो, त्यामुळे निवड करावीच लागे. सीडीने ती सक्ती काढून टाकली. ‘अ कॅसल फुल ऑफ रास्कल्स’ किंवा ‘समबडी स्टोल माय गिटार’ वाईट नाहीत, पण एलपीच्या काळात त्यांतलं एखादं तरी बाहेर राहिलं असतं.

१९९८ चा ‘अबँडन’ पुन्हा जड वळणाचा निघाला. लॉर्ड २००२ मध्ये बाहेर पडला, त्याच्या जागी डॉन एअरी आला. मोर्स २०२२ पर्यंत राहिला, म्हणजे ब्लॅकमोरच्या दोन्ही पर्वांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त. २०१६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने बँडच्या आठ सदस्यांना घेतलं. त्यात मोर्स नव्हता.