आगीचा घोडा आणि जपानच्या मुली

१७ फेब्रुवारी २०२६ला सुरू झालेलं चिनी वर्ष घोड्याचं आहे. घोडा दर बारा वर्षांनी येतोच, पण यंदाचा अग्नितत्त्वाचा आहे आणि तो साठ वर्षांतून एकदाच येतो. प्रभव, विभव करत साठ संवत्सरं मोजणाऱ्या आपल्या पंचांगाला असं चक्र नवं नाही.

चीनमध्ये घोडा म्हणजे वेग, उमेद, यश. मात्र राशिचक्रात त्याचं मूळ तत्त्वही अग्नीच, म्हणजे हे वर्ष आगीवर आग. अशा वर्षी राज्यावर संकट येतं, अशी भीती चीनच्या सोंग राजवटीला वाटे. ११२६ हे असंच वर्ष होतं. त्या वर्षी उत्तरेकडच्या जुर्चेन लोकांच्या फौजा राजधानी काइफंगवर चालून आल्या आणि ११२७मध्ये त्यांनी बाप-लेक असे दोन सम्राट कैद करून उत्तरेला नेले.

जपानमध्ये ती भीती राज्यावरून उतरून मुलींच्या माथी आली. या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याच्या जिवावर उठते, असं म्हटलं जाऊ लागलं. आपल्याकडच्या मंगळाच्या मुलीसारखंच. त्याला दाखला दिला जातो ओशिची या एदोतल्या (आजच्या टोकियोतल्या) भाजीवाल्याच्या मुलीचा. प्रियकराची पुन्हा गाठ पडावी म्हणून तिने आग लावली आणि १६८३मध्ये तिला जाळून मारण्यात आलं, अशी तिची कथा. ती १६६६ची, म्हणजे आगीच्या घोड्याची, असं लोकांनी ठरवून टाकलं. भक्कम पुरावा काहीच नाही.

१९०६मध्ये अनेक आईबापांनी मुलीची जन्मतारीख मागच्या किंवा पुढच्या वर्षात ढकलून नोंदवली. तरी त्या पिढीतल्या मुलींची लग्नं जमताना हाल झालेच. खरा तडाखा बसला तो १९६६मध्ये. १९६५मध्ये जपानमध्ये सुमारे १८.२ लाख मुलं जन्मली होती, १९६६मध्ये १३.६ लाख आणि १९६७मध्ये पुन्हा १९.३ लाखांवर. म्हणजे बुलेट ट्रेन धावू लागलेल्या देशात ही समजूत आजोबांच्या काळापेक्षा जास्त जोरात चालली! कारण सरळ आहे: १९०६च्या जोडप्यांच्या हातात तारीख बदलणं एवढंच होतं, १९६६पर्यंत संततिनियमन घरोघरी पोचलं होतं आणि गर्भपातही १९४८पासून कायदेशीर होता.

१९६६चा प्रजनन दर, म्हणजे एका बाईमागे होणारी सरासरी मुलं, १.५८ होता. १९८९मध्ये तो कोणत्याही घोड्याशिवाय १.५७वर आला, तेव्हा सरकार हादरलं. २०२४मध्ये तो १.१५ झाला आणि जन्म सात लाखांच्याही खाली गेले. यंदा कुणी घोड्याला घाबरून मूल टाळलंच, तर ते आकड्यांत वेगळं ओळखणंही कठीण जाईल.