वचक बसणे वेगळे, गजाआड असणे वेगळे

गुन्हे घटले की श्रेय तुरुंगाला मिळते, आणि ते देताना दोन गोष्टींची हमखास गल्लत होते. एक म्हणजे वचक: पकडले जाण्याच्या भीतीने माणूस गुन्ह्याच्या वाटेला जातच नाही. दुसरी म्हणजे नुसते गजाआड असणे: तो आत आहे म्हणून बाहेर चोरी करू शकत नाही, मग मनात काहीही असो. आकडेवारीत दोन्ही सारखीच दिसतात. धोरण ठरवताना मात्र फरक पडतो.

गजाआड ठेवण्याचा उपयोग वयावर अवलंबून असतो. चोऱ्यामाऱ्या आणि मारामाऱ्या विशीच्या आगेमागे सर्वाधिक होतात. पुढे बहुतेकांचा तो जोर आपोआप ओसरतो. कॅलिफोर्नियाने 1994 मध्ये कायदा केला: आधीचे दोन गुन्हे गंभीर असतील, तर तिसऱ्याला किमान 25 वर्षे ते जन्मठेप, मग तो तिसरा गुन्हा तुलनेने किरकोळ का असेना. पण तिसरी शिक्षा होईपर्यंत माणसाची उमेदीची वर्षे बरीचशी सरलेली असतात. म्हणजे सर्वांत लांब शिक्षा नेमकी उतरणीला लागलेल्यांना! 2012 मध्ये मतदारांनीच हा नियम सौम्य केला. तिसरा गुन्हाही बहुतेक प्रकरणांत गंभीर किंवा हिंसक असावा अशी अट आली. शिवाय अमली पदार्थ विकणारा एक आत गेला, की त्याच कोपऱ्यावर दुसरा उभा राहतो. घरफोड्याची जागा अशी लगेच भरत नाही.

वचक शिक्षेच्या वर्षांवर फारसा बसत नाही, सापडण्याच्या खात्रीवर बसतो. कुंपणावरून उडी मारणारा कायद्याचे कलम वाचून आलेला नसतो. गस्त कुठे आहे, एवढेच तो बघतो. दहाची वीस वर्षे केली, तरी त्याच्या त्या रात्रीच्या हिशेबात काही बदलत नाही. माझ्या मते कडक शिक्षेच्या घोषणा इथेच फसतात.

अमेरिकेत 1980 ते 1990 या काळात कैदी दुपटीहून अधिक झाले. खुनांचे प्रमाण मात्र 1980 मध्ये लाखामागे 10.2 होते आणि 1991 मध्ये 9.8. पुढे 2000 पर्यंत ते 5.5 वर आले. त्याच दशकात कॅनडातही खून घटले, आणि तिथे तुरुंग अमेरिकेसारखे फुगले नव्हते. न्यूयॉर्क राज्यात 1999 नंतर कैदी कमी होत गेले, तरीही गुन्हे घटतच राहिले. तुरुंगाचा वाटा शून्य होता असे यातून सिद्ध होत नाही. पण सगळे श्रेय त्याला देता येत नाही, हे नक्की.

काही घट तर या दोन्ही खणांत बसत नाही. युरोपीय संघाने 1998 पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर (खऱ्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारे उपकरण) सक्तीचा केला आणि गाडीचोरी झपाट्याने उतरली. चोर ना घाबरला होता, ना आत गेला होता. गाडीच सुरू होईना.