आयुर्विमा पॉलिसीला रायडर जोडताना: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

आयुर्विम्याच्या मूळ संरक्षणाला थोडा जादा हप्ता भरून जे पूरक लाभ जोडता येतात, ते ‘रायडर’ या नावाने ओळखले जातात. अपघाती मृत्यू, अपघाताने आलेले कायमचे अपंगत्व, गंभीर आजार, वाढीव मुदत विमा (ठरावीक मुदतीत मृत्यू झाल्यास रक्कम देणारा) आणि हप्तामाफी (ठरावीक प्रसंगी पुढचे हप्ते माफ होणे) हे त्यांतील नेहमीचे प्रकार होत. रायडर स्वतंत्रपणे विकत घेता येत नाही आणि त्याचा हप्ताही मूळ हप्त्यापासून वेगळा भरता येत नाही. त्यामुळे पॉलिसी बंद पडली की रायडरचे संरक्षणही त्याच दिवशी संपते. काही वर्षे हप्ते भरून पुढे ते थांबवल्यास मूळ पॉलिसी कमी रकमेची ‘पेड-अप’ होऊन टिकू शकते, रायडर मात्र पेड-अप होत नाही. हप्त्याची तारीख उलटल्यावर तो भरण्यासाठी वार्षिक, सहामाही व तिमाही हप्त्याला सवलतीचे ३० दिवस आणि मासिक हप्त्याला १५ दिवस मिळतात, ते या दृष्टीने फार महत्त्वाचे ठरतात.

उदाहरणादाखल भारतीय आयुर्विमा महामंडळाचे, म्हणजे एलआयसीचे, रायडर पाहू. गंभीर आजाराचा रायडर आणि मुदत विम्याचा रायडर हे दोन्ही सर्वसाधारणपणे पॉलिसी घेतानाच निवडावे लागतात. अपघाताचे रायडर मात्र पॉलिसी चालू असताना नंतरही जोडता येतात. त्यासाठी हप्ते भरण्याची किमान पाच वर्षे शिल्लक असावी लागतात. अपघात रायडरसाठी वयाची १८ वर्षे पूर्ण झालेली हवीत. येथे दोन मिळतीजुळती नावे नीट वेगळी करून वाचावीत. ‘अ‍ॅक्सिडेंट बेनिफिट रायडर’ केवळ अपघाती मृत्यूसाठी आहे, तर ‘अ‍ॅक्सिडेंटल डेथ अँड डिसअ‍ॅबिलिटी बेनिफिट रायडर’मध्ये पूर्ण व कायमस्वरूपी अपंगत्वही येते. या दुसऱ्या रायडरमध्ये अपंगत्वाची रक्कम एकदम हाती पडत नाही, तर दहा वर्षांच्या समान मासिक हप्त्यांत मिळते. म्हणजे दहा लाखांच्या रायडरवर दरमहा सुमारे ८,३३३ रुपये येतील. घर चालवायला हे उपयोगी असले, तरी मोठ्या शस्त्रक्रियेचा खर्च त्यातून भागेल असे गृहीत धरू नये. पोलीस कर्मचाऱ्यांना कर्तव्यावर असतानाचे अपघात संरक्षण हवे असेल, तर ते प्रस्तावातच स्वतंत्रपणे मागावे लागते व त्याचा जादा हप्ता असतो.

नव्या पॉलिसीबरोबर रायडर घ्यायचा असल्यास प्रस्ताव फॉर्ममध्येच त्याची निवड व रक्कम लिहिली जाते. सोबत पॅन, आधार किंवा पत्त्याचा अन्य मान्य पुरावा, वयाचा पुरावा, छायाचित्र, बँक खात्याचा तपशील आणि, रक्कम मोठी असल्यास, आयकर विवरणपत्र वा वेतनपत्रक लागते. वय व रकमेनुसार वैद्यकीय तपासणी होते. चालू पॉलिसीला रायडर जोडताना शाखेत लेखी विनंती द्यावी लागते आणि, मागितल्यास, प्रकृतीविषयीचे निवेदनही. आरोग्याची प्रश्नावली एजंटाने भरून आणली तरी तिच्याखाली सही आपली असते, म्हणून मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया आणि तंबाखूचे सेवन यांविषयीची उत्तरे स्वतः वाचल्याशिवाय सही करू नये. विमा कायदा, १९३८ च्या कलम ४५ नुसार तीन वर्षे उलटल्यावर कंपनीला पॉलिसीवर हरकत घेता येत नाही. परंतु ही तीन वर्षे पॉलिसी दिल्याची, जोखीम सुरू झाल्याची, बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू केल्याची किंवा रायडर जोडल्याची, यांपैकी जी तारीख सर्वांत नंतरची असेल तिच्यापासून मोजली जातात. २०१९च्या पॉलिसीला २०२४मध्ये रायडर जोडला असेल, तर जुन्या पॉलिसीचा दाखला देऊन निर्धास्त राहता येणार नाही. पॉलिसी हाती आल्यावर अटी पटल्या नाहीत, तर ती परत करण्यासाठी ३० दिवस असतात. तेवढ्या अवधीत रायडरचे नाव व रक्कम पॉलिसीपत्रात छापली आहे ना, हे तपासून घ्यावे.

गंभीर आजाराच्या रायडरमध्ये गैरसमज सर्वाधिक होतात. एलआयसीच्या या रायडरमध्ये १५ आजार येतात आणि पहिले ९० दिवस प्रतीक्षेचे असतात. त्या काळात निदान झालेल्या आजाराचा दावा मान्य होत नाही. आजाराचे नाव यादीत असणेही पुरेसे नाही. आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेने ठरवलेल्या प्रमाण व्याख्यांनुसार पसरण्यापूर्वीच्या, मूळ जागीच मर्यादित असलेल्या अवस्थेतील कर्करोग धरला जात नाही, तसेच पक्षाघाताने आलेली कायमची हानी किमान तीन महिने टिकल्याचा पुरावा लागतो. म्हणून दाव्यासोबत बायोप्सी, ईसीजी, रक्तातील ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूंना इजा झाल्याचे दाखवणाऱ्या घटकाची) तपासणी, सीटी स्कॅन किंवा एमआरआय यांपैकी आजाराला लागू असलेले मूळ अहवाल, तज्ज्ञ डॉक्टरांचे प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड व बिले जोडावीत. केवळ डिस्चार्ज कार्डावर विसंबू नये, कारण त्यात आजाराचे नाव असते, पण व्याख्येला हवा तो तपशील बहुधा नसतो.

अपघाती मृत्यूच्या दाव्यात अपघातापासून १८० दिवसांच्या आत मृत्यू झालेला असावा लागतो. मूळ पॉलिसीपत्र, मृत्यू प्रमाणपत्र, दाव्याचा फॉर्म, नामनिर्देशित व्यक्तीची ओळख व बँक तपशील यांच्याबरोबर एफआयआर किंवा पोलिसांकडील अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल मागितला जातो. मृत व्यक्ती स्वतः वाहन चालवत असल्यास वाहन परवानाही लागतो. शेतात सर्पदंशाने, विजेच्या धक्क्याने किंवा विहिरीत पडून मृत्यू झाल्यावर पोलिसांना न कळवताच अंत्यसंस्कार उरकले जातात. अशा वेळी मूळ विमा रक्कम मिळते, पण अपघात लाभ पुराव्याअभावी अडतो. दारूच्या अमलाखाली झालेला अपघात, आत्महत्येचा प्रयत्न, वाहनांच्या शर्यती, गिर्यारोहण यांसारख्या कारणांना हा लाभ लागू नाही.

दावा नाकारला गेल्यास कारण लेखी घ्यावे आणि प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते मान्य झाले नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमाविषयक तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे व ठाणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. तेथे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही. नकारापासून एका वर्षात तक्रार दाखल करायची असते आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार लोकपालांना आहे.