धुराची वाटणी

दीर्घकाळचा खोकला आणि चालताना लागणारी धाप घेऊन एखादी साठीची शेतकरी बाई दवाखान्यात येते, तेव्हा ‘विडी-सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला तिचे उत्तर बहुधा नकारार्थी असते. पण तिच्या फुफ्फुसांत धूर गेलेला असतो आणि तो मोजण्याची रीतही वैद्यकशास्त्राकडे आहे. धूम्रपानाचा हिशेब जसा ‘पाकीट-वर्षां’त (रोजची पाकिटे गुणिले वर्षे) होतो, तसा चुलीचा हिशेब ‘तास-वर्षां’त करतात. रोज तीन तास चुलीपुढे बसून तीस वर्षे स्वयंपाक केला, तर तो नव्वद तास-वर्षे भरतो. त्याच घरात, त्याच छपराखाली राहणाऱ्या नवऱ्याचा आकडा मात्र शून्याच्या जवळपास असू शकतो.

हा फरक निसर्गाने केलेला नाही. लाकूड, गोवऱ्या, तुराट्या किंवा पऱ्हाट्या चुलीत पुरत्या जळत नाहीत. त्यांतून कार्बन मोनॉक्साइडबरोबर अडीच मायक्रोमीटरपेक्षाही बारीक कण बाहेर पडतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रोमीटर जाड असतो, यावरून त्या कणांच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. नाक आणि घसा त्यांना अडवू शकत नाहीत, त्यामुळे ते थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. हवेतल्या अशा कणांची चोवीस तासांची सरासरी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवले; बंदिस्त स्वयंपाकघरात चूल पेटलेली असताना हे प्रमाण कित्येक शेकड्यांत जाते. मात्र शरीरात किती धूर जातो, हे केवळ हवेतल्या प्रमाणावर ठरत नाही. त्या हवेत कोण किती वेळ बसते, यावरही ते तितकेच ठरते. फुंकणीने जाळ करणारी, भाकरी निखाऱ्यावर शेकणारी व्यक्ती धुराच्या सर्वांत जवळ असते, आणि तिच्या कडेवरचे मूलही.

भारताच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकामाला स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, तर पुरुष ८८ मिनिटे देतात असे आढळले. ही सरासरी फक्त त्या दिवशी घरकामाला हात लावलेल्यांची आहे. हात न लावलेले बहुसंख्य पुरुष तिच्यात धरलेलेच नाहीत, त्यामुळे खरी दरी याहून रुंद आहे.

पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दाखवून दिले, की तेव्हा जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०१ कोटी लोक होते, पण लाकूडफाट्याच्या धुराला सामोरे जाणारे सुमारे ३०० कोटी. म्हणून श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या सीओपीडी या विकाराचे जगातील सर्वांत मोठे कारण हा धूरच असू शकतो. सीओपीडी म्हणजे सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा आजार, ही समजूत त्यामुळे सोडून द्यायला हवी.

१ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेत गॅसजोडणी घरातील स्त्रीच्या नावे दिली जाते, आणि हे योग्यच आहे. तरीही पुष्कळ घरांत गॅस असूनही चूल पेटतेच. सिलिंडर पुन्हा भरायला रोख पैसे लागतात आणि तो खर्च कधी करायचा, हे अनेकदा पुरुष ठरवतो. सरपण गोळा करण्यात मात्र बाईचे श्रम जातात आणि त्यांची किंमत घराच्या हिशेबात कुठेच मांडलेली नसते. त्यामुळे तूर काढणीनंतर बांधावर रचलेल्या तुराट्या घराला ‘फुकट’ वाटतात.