खोटी कर्जप्रकरणे (ग्रामीण विदर्भ)

जमीन, घर, पीक, उत्पन्न किंवा आधीची देणी यांबद्दल जाणूनबुजून खोटे सांगून बँकेचे अथवा गावच्या सहकारी सोसायटीचे कर्ज उचलणे, याला विदर्भात ‘बोगस प्रकरण’ म्हणतात. नुसत्या ‘प्रकरण’ या शब्दाला इथे गुन्ह्याचा वास नाही. ‘यंदा प्रकरण केलं का?’ म्हणजे यंदा कर्जाचा अर्ज दिला का, एवढाच अर्थ. विकलेल्या, दुसऱ्याच्या नावावरच्या किंवा आधीच गहाण पडलेल्या मिळकतीवर पुन्हा पैसे काढणेही याच सदरात मोडते. विषयाची खरी गुंतागुंत अशी, की खेड्यात अर्ज बहुधा एक जण भरतो आणि सही दुसऱ्याची असते. कायदा मात्र सहीपासून सुरुवात करतो.

गहाणाचे प्रकार १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५८ मध्ये दिले आहेत. गावातले शब्द वेगळे. जमीन कास्तकाराच्याच (शेतकऱ्याच्याच) ताब्यात राहिली तर नजरगहाण, सावकार वावर (शेत) वाहू लागला तर ताबेगहाण, आणि मुदतीत पैसे आले तर परत, नाही तर खरेदी कायम, अशा अटीचे खत म्हणजे मुदतखरेदी. घरासाठी वा प्लॉटसाठी बँक मूळ खरेदीखत ठेवून घेते, तेही गहाणच. सोसायटीच्या पीककर्जाचे तंत्र निराळे आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ खाली सभासद एक घोषणापत्र लिहून देतो, त्याला ‘इकरार’ म्हणतात. त्यावरून फेरफार होतो आणि सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, चढतो. इकरार डावलून जमीन विकली तर ती विक्रीच रद्दबातल ठरते.

जुन्या काळी या व्यवहारात खोटे बहुधा देणाऱ्याच्या बाजूने असे. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात वऱ्हाडच्या कापसाला तेजी आली आणि कापसाबरोबर कर्जही वाढले. मध्य प्रांतात १९३३ सालीच कर्ज समेटाचा (सावकार-कर्जदारांत तडजोड घडवण्याचा) कायदा करावा लागला. गहाण म्हणून सांगायचे आणि कागद खरेदीखताचा करायचा, ही सावकारी रीत आजही मेलेली नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ प्रमाणे अवैध सावकारीतून गेलेली जमीन, व्यवहार अर्जाच्या आधीच्या १५ वर्षांतला असेल तर, जिल्हा निबंधक चौकशी करून परत देववू शकतो. कर्जदाराच्या खोटेपणावर बोलताना हा दुसरा पैलू डोळ्यांआड करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

प्रकरण तयार होते ते तालुक्याच्या गावी, बँकेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात. सातबारा, आठ-अ, चतुःसीमा, इतर बँकांचे ‘नो ड्यूज’, फोटो, आधार, आणि रक्कम मोठी असेल तर वकिलाचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मिळकतीचे जुने व्यवहार तपासल्याचा अहवाल. हस्तलिखित सातबाऱ्याच्या काळात बोजा लपवायला अक्कल फारशी लागत नसे. ‘इतर अधिकार’ रकान्यावर कोऱ्या कागदाची पट्टी ठेवायची, झेरॉक्स काढायची, मग त्या झेरॉक्सची झेरॉक्स. दुसऱ्या प्रतीत पट्टीची कडही दिसत नाही. पुढे डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला आणि त्यावरच्या पडताळणी क्रमांकाने ही कला बरीचशी निकामी केली. सामायिक खात्यातला गोंधळ मात्र संगणकानेही सुटला नाही. थोरला भाऊ सगळ्यांच्या वाट्यावर कर्ज घेतो, संमतिपत्रावर बहिणीच्या नावापुढे कोणाचा तरी अंगठा असतो, आणि बहिणीला ते कळते वाटणीच्या दिवशी.

दुसरा ठरलेला प्रकार पिकाचा. पीककर्जाचा हेक्टरी दर पिकागणिक ठरतो. तो जिल्हास्तरीय तांत्रिक समिती सुचवते. संत्र्याच्या बागेला मिळणारा दर कोरडवाहू कापसाला मिळत नाही. म्हणून वरूड-मोर्शीच्या पट्ट्याबाहेरही कागदावर संत्र्याची झाडे डोलतात, आणि जिथे पावसाळ्याखेरीज पाण्याचा थेंब नाही तिथे विहिरीसह बागायत दिसते. विहिरीच्या कर्जांबद्दल तर वेगळे सांगायला नको. कागदावर खोदलेली विहीर हा विदर्भात पारावरचा जुना विनोद आहे.

तारण नाही म्हणजे जबाबदारी नाही, हा समज मात्र चुकीचा. रिझर्व्ह बँकेने तारणाविना शेतीकर्जाची मर्यादा २०१९ मध्ये १.६० लाख आणि १ जानेवारी २०२५ पासून २ लाख रुपये केली. या रकमेपर्यंत जमीन अडकत नाही, पण अर्जातले खोटे खोटेच राहते.

घरकर्जात खोटेपणा शेतीपेक्षा उत्पन्नाच्या कागदांत जास्त शिरतो. कर्जासाठीच भरलेले दोन-तीन वर्षांचे आयकर विवरण, ओळखीच्या दुकानाचे पगारपत्रक, फुगवलेले मूल्यांकन. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा ‘नमुना ८’ जोडतात. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून मिळकतपत्रिका दिल्या जाऊ लागल्या, त्या याच उणिवेवर.

अमेरिकेत तपास यंत्रणा घरकर्जातल्या फसवणुकीचे दोन भाग पाडतात: घर मिळावे म्हणून कर्जदाराने सांगितलेले खोटे, आणि नफ्यासाठी धंदेवाल्यांनी रचलेले. तिथल्या संघराज्यीय कायद्यात बँकेच्या कर्जअर्जात जाणूनबुजून खोटे विधान करणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला ३० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्याकडे अशी प्रकरणे मुख्यतः फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाच्या सर्वसाधारण कलमांखाली चालतात. ३० जून २०२४ पर्यंतच्या कृत्यांना भारतीय दंड संहितेची ४२०, ४६७, ४६८ व ४७१ ही कलमे लागतात. त्यानंतरच्यांना भारतीय न्याय संहितेची ३१८ (४), ३३६, ३३८ व ३४०. फसवणुकीला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मौल्यवान रोख्याचा, म्हणजे कायदेशीर हक्क देणाऱ्या कागदाचा, बनावट दस्त केला तर जन्मठेपेपर्यंत. बँकेचा माणूस सामील असेल तर त्याच्यावर विश्वासघाताचे कलम येते, पण त्याने कर्जदार सुटत नाही. ‘साहेबानंच असं भरायला सांगितलं’ हा बचाव ऐकायला खरा वाटतो, अनेकदा खराही असतो, आणि तरी तो एकट्याने पुरत नाही.

थकबाकी म्हणजे फसवणूक नव्हे, हे मात्र ठासून सांगायला हवे, कारण वसुलीला आलेला माणूस नेमकी हीच सरमिसळ करतो. कर्ज घेतानाच मनात बेइमानी असली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालच्या हृदय रंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात स्पष्ट केले आहे. २०१७ सारखी गुलाबी बोंडअळी आली, बोंडे सडली, हप्ता चुकला, यात फौजदारी काही नाही. मार्चअखेर दोन दिवसांसाठी उसने आणून खाते ‘नवं-जुनं’ करणे, म्हणजे जुने कर्ज भरून लगेच नवे उचलणे, हाही मुळात ओढाताणीचा मामला आहे. त्यासाठी खोटा कागद जोडला तरच चित्र पालटते.

न वाचता केलेल्या सहीचे काय? निंगव्वा विरुद्ध बायरप्पा (१९६८) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने भेद केला: कागद कोणत्या प्रकारचा आहे याबद्दलच फसवले असेल तर व्यवहार मुळातच शून्य, प्रकार ठाऊक असून आतल्या मजकुराबद्दल फसवले असेल तर तो रद्द करून घेता येण्याजोगा, म्हणजे दाद मागेपर्यंत चालू. पीकविम्याचा फॉर्म सांगून गहाणखतावर अंगठा घेतला तर पहिला प्रकार. कर्जाचाच कागद आहे हे माहीत होते, रक्कम मात्र वेगळी निघाली, तर दुसरा. कोऱ्या फॉर्मवर सही करून गटसचिवाच्या (सोसायटीच्या सचिवाच्या) हाती देणारा दोन्हींच्या मध्ये कुठे तरी अडकतो.

जामीनदाराची जबाबदारी, वेगळा करार नसेल तर, कर्जदाराइतकीच असते (करार अधिनियम, १८७२, कलम १२८). वारसांना मात्र वारशाने आलेल्या मिळकतीपुरतेच देणे लागते. मयताने खोटे केले असेल तर त्याची शिक्षा बायकापोरांना होत नाही, हे अनेक विधवांना कोणी सांगतच नाही.

वसुलीत शेतजमीन आणि घर यांत मोठा फरक आहे. बँकेला कोर्टात न जाता तारणाचा ताबा घेऊ देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमिनीवरचे तारण वगळले आहे (कलम ३१), त्यामुळे बँक थेट वावराचा ताबा घेऊ शकत नाही. घराचा, प्लॉटचा घेऊ शकते. सोसायट्या सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला काढतात. खाते ‘फसवणूक’ ठरवण्याआधी कर्जदाराचे म्हणणे ऐकले पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०२३ रोजी दिला. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने जुलै २०२४ मध्ये नोटिशीला उत्तर देण्यासाठी किमान २१ दिवसांची मुदत घातली. एकदा ‘फसवणूक’ असा शिक्का बसला की फसवणुकीची रक्कम पूर्ण फेडल्यावरही ५ वर्षे नवे कर्ज बंद.

कर्जमाफीने खोट्याला आणखी एक दार उघडले. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीची छाननी करताना नियंत्रक व महालेखापरीक्षकांना अपात्रांना मिळालेला लाभ आणि नोंदींतली खाडाखोड आढळली. तो अहवाल २०१३ चा. २ हेक्टरपर्यंत पूर्ण माफी, त्यावर २५ टक्के सूट, अशी रेघ आखली की एखाद्या गुंठ्यालाही किंमत येते. राज्याच्या २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत २ लाखांपर्यंतच्या माफीसाठी आधार प्रमाणीकरण घातले गेले.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. पूर्वी पटवाऱ्याने (तलाठ्याने) नोंदवायचे पीक आता खातेदार स्वतः वावरात उभा राहून मोबाइलने फोटो काढून नोंदवतो, म्हणजे खोट्या पिकाबद्दल पटवाऱ्याकडे बोट दाखवायची सोय उरली नाही. प्रत्यक्षात धुऱ्यावर (बांधावर) रेंज नसते आणि म्हाताऱ्या कास्तकाराकडे साधा फोन असतो. शेजारचे पोट्टे रस्त्यावरून फोटो मारते, यादीतून सोयाबीन निवडते, आणि नोंद खातेदाराच्या नावाने पडते.