भावात मुरलेली नाल

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खान्देशात गावोगाव ओट्यावर, झाडाखाली पत्त्यांचे डाव बसतात. घरच्या डावात एकाचे गेलेले पैसे दुसऱ्याच्या खिशात जातात. दिवस मावळला तरी सगळ्यांच्या खिशांची बेरीज तेवढीच. अड्ड्यावर मात्र जागा देणारा डावामागे आपला वाटा, म्हणजे नाल, काढून घेतो. मग कोणीही जिंको, बेरीज घटतच जाते. क्रिकेटच्या सट्ट्यातही नाल असतेच, फक्त ती वेगळी मागत नाहीत. ती भावातच मुरलेली असते.

समजा, भाव निघाला 60-65. फेव्हरिट संघावर 100 रुपये लावले (लगाई) तर जिंकल्यावर 60 मिळतात. त्याच संघाच्या विरोधात जायचं (खाई) तर 65 रुपये जोखमीवर ठेवून 100 मिळतात. भावातून शक्यता काढायची रीत सोपी आहे: जोखमीला जोखीम आणि नफा यांच्या बेरजेने भागायचं. लगाईत 100 भागिले 160, म्हणजे 62.5 टक्के. खाईत 65 भागिले 165, म्हणजे 39.4 टक्के. दोन्ही मिळून 101.9. सामना तर कोणीतरी एकच जिंकणार, शक्यतांची बेरीज 100 च हवी. वरचे 1.9 ही नाल. सामना रंगात आला की दोन आकड्यांमधली फट रुंदावते आणि नालही वाढते.

अ‍ॅपवरचा भाव दशांशात असतो आणि त्यात मुद्दल धरलेलं असतं. 1.90 म्हणजे 100 लावले तर मुद्दलासह 190. इथे शक्यता काढायला 1 ला 1.90 ने भागायचं: 52.6 टक्के. बरोबरीच्या दोन संघांना 1.90 चाच भाव असेल तर बेरीज 105.3 होते. लावलेल्या प्रत्येक 100 मागे सरासरी 5 रुपये गेले. मटक्यात एकेरी अंकाला मुद्दल धरून 1 ला 9 देतात आणि अंक असतात 10. तिथली 10 टक्क्यांची कापणी निदान उघड्यावर आहे.

सेशनमधली, म्हणजे ठरावीक षटकांत किती धावा होतील यावरच्या सट्ट्यातली, फट तर पटकन दिसतही नाही. सहा षटकांचा भाव 48-49 असेल, तर 'यस'वाला 49 किंवा जास्त धावा झाल्यावर जिंकतो, 'नो'वाला 47 किंवा कमी झाल्यावर. नेमक्या 48 झाल्या तर दोघेही हरतात.

चार सामने एकत्र जोडून लावायची 'मल्टी' मोहक दिसते, कारण 1.90 चार वेळा गुणलं की भाव 13 पटीला जातो. पण बरोबरीच्या चार सामन्यांत चारही निकाल बरोबर येण्याची शक्यता 16 त 1. म्हणजे नालही चार वेळा गुणली गेली: 100 मागे 5 ऐवजी साडेअठरा रुपये.

आता डावपेच. हरलं की दुप्पट लावायचं, हा सगळ्यांना सुचणारा उपाय. 100 पासून सुरुवात केली आणि सलग 6 हरले, तर 6,300 गेलेले असतात. सातव्यांदा 6,400 लावायचे, तेही भाव पुरा 2.00 चा मिळाला तर अखेर 100 रुपये सुटावेत म्हणून! सलग 6 हार म्हणजे क्वचितच, असं वाटतं. पण आयपीएलच्या हंगामात 74 सामने असतात. प्रत्येक निकाल नाणेफेकीसारखा धरला, तरी हंगामात कुठेतरी सलग 6 हार येण्याची शक्यता 40 टक्क्यांहून जास्त भरते. दुप्पट करत राहायला खिसा अथांग लागतो, तो कोणाचाच नसतो.

किती लावावं याचं शास्त्रशुद्ध सूत्र अमेरिकी संशोधक जॉन केली यांनी 1956 मध्ये मांडलं. जिंकण्याची शक्यता गुणिले नफ्याचा दर, त्यातून हरण्याची शक्यता वजा करायची, आलेल्या आकड्याला नफ्याच्या दराने भागायचं. 1.90 च्या भावात नफ्याचा दर 0.9. तुमचा अंदाज 55 टक्के खरा ठरत असेल, तर उत्तर येतं 0.05, म्हणजे जवळच्या रकमेचे 5 टक्के. अंदाज 50 टक्केच असेल तर उत्तर उणे येतं; सूत्रच सांगतं, लावू नका.

ग्यानबाची मेख आहे ती त्या 55 टक्क्यांत. शंभरपैकी 55 अंदाज बरोबर आले म्हणून माणूस जाणकार ठरत नाही. नुसतं नाणं उडवणाऱ्या पाच-सहा जणांतल्या एकाला तेवढं यश निव्वळ नशिबाने मिळतं. चौकात सांगितले जातात ते नेमके त्याचेच किस्से.

महाराष्ट्रात मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा 1887 पासून आहे आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राच्या 2025 च्या कायद्याने बंदी घातली आहे. त्यामुळे बुकीने जिंकलेले पैसे बुडवले तर दाद मागायलाही जागा नाही. अंदाज तपासायला मात्र पैसे लागत नाहीत, वही पुरते. सामन्याआधी आपली टक्केवारी लिहायची, निकाल पुढे मांडायचा. हंगाम संपल्यावर, जिथे जिथे 70 लिहिलं होतं तिथे दहापैकी किती वेळा तो संघ जिंकला, ते मोजायचं.