डार्क चॉकलेट आणि गूळ म्हणजे कमी कॅलरी? नाही!

"वजन उतरवायचंय ना? मग घरी डार्क चॉकलेटच्या वड्या करा, साखरेऐवजी गूळ घाला." हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो देणाऱ्यांची तळमळ खरी असते, पण हिशोब चुकतो.

१०० ग्रॅम मिल्क चॉकलेटमध्ये साधारण ५३५ कॅलरी असतात आणि ७० टक्क्यांहून जास्त कोको असलेल्या डार्क चॉकलेटमध्ये जवळपास ६००! साखर कमी झाली की तिची जागा मुख्यतः कोकोतली चरबी घेते. एक ग्रॅम साखरेत ४ कॅलरी, तर चरबीत ९. डार्क चॉकलेट कडवट असल्याने थोडक्यात समाधान होतं, हा फायदा मात्र मी मानते. गुळात साखरेपेक्षा कॅलरी जेमतेमच कमी. वड्या घट्ट व्हाव्यात म्हणून घातलेल्या खोबरेल तेलाच्या एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी असतात, ते कुणी सांगतच नाही.

खरी मदत करते ती बिनसाखरेची कोको पावडर. ती करताना कोकोतली बरीचशी चरबी दाबून काढलेली असते, त्यामुळे ५ ग्रॅममध्ये जेमतेम १२ कॅलरी. २०० मिली गार स्किम्ड दुधात कोको, कॉर्नफ्लोअर आणि साखर प्रत्येकी १० ग्रॅम कालवा (गरम दुधात गुठळ्या होतात), मग मंद आचेवर ढवळत दाट करा. चिमूटभर मीठ जरूर घाला, चव खुलते. यात दोन लहान वाट्या पुडिंग होतं, वाटीला साधारण ८५ कॅलरी.